पाहणाऱ्याची तयारी

१.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, लगेच ९० किलोमीटर सायकल चालवणे आणि त्यावर २१.१ किलोमीटर धावणे. हे सारे साडेआठ तासांच्या आत. गोव्यात २०१९ पासून होणाऱ्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या स्पर्धेचे स्वरूप असे आहे. आमच्या धाकट्या सूनबाईंनी तीत नाव नोंदवले, तेव्हा तारीख होती २७ ऑक्टोबर २०२४. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधीची. अकोल्यातल्या कापड दुकानदाराने त्या आठवड्यात गल्ला सोडून जावे, हे आमच्या तीन पिढ्यांत घडले नव्हते. ‘‘बाबा, तुम्ही आणि आई याल ना?’’ या तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिले.

तिचे माहेर अमरावतीचे. ज्या गावच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्या गावच्या मुलीला व्यायामाचे वेड असावे यात नवल नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून विक्रम झाला. त्याच महामार्गावर ती पहाटे मूर्तिजापूरच्या दिशेने सायकल नेई आणि दुकान उघडण्यापूर्वी घरी परते. नातेवाईक बोलत, तिने वर्षभर उत्तर दिले नाही. मग आम्ही तरी न जाण्यास काय कारण सांगावे?

थोरल्या मुलाकडे दुकान सोपवून गुरुवारी रात्री आम्ही मुंबईची गाडी धरली आणि पुढे कोकण रेल्वेने मडगाव गाठले. मुक्काम मिरामारपासून पायी जाण्याजोगा घेतला, कारण स्पर्धेच्या दिवशी रस्ते बंद असतात. खाकरा, मेथीचे ठेपले, मुगाचे लाडू, उकळून गाळलेले पाणी, दोन छत्र्या आणि टोप्या, एवढे सामान. स्पर्धा दुपारीच संपत असल्याने सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची चिंता नव्हती.

खरे नियोजन वेळेचे. पोहण्यास सुमारे पन्नास मिनिटे, सायकलीला ताशी पंचवीसच्या वेगाने साडेतीन तासांहून थोडे अधिक, धावण्यास पावणेतीन तास, अशी खतावणी मी वहीत मांडली. मार्ग फेऱ्यांचा असल्याने एकाच वळणावर ती पुन्हा दिसणार होती. त्या जागा आम्ही तिला आदल्या दिवशी सांगून ठेवल्या. समुद्रातल्या गर्दीत आपले माणूस ओळखू येत नाही. किनाऱ्यावर येताना मात्र दिसते.

एक नियम सौभाग्यवतींना फार जड गेला. पाहणाऱ्याने स्पर्धकाला खाणे-पाणी द्यायचे नाही. ते आयोजकांच्या ठरलेल्या ठिकाणीच मिळते. आपल्या घरांत माया ताटातून वाढली जाते. इथे लाडवाचा डबा मांडीवर, सून दोन हातांवरून जाणार, आणि हात पुढे करायचा नाही! आपल्याकडे करणे आणि करवणे यांच्या जोडीला अनुमोदनही मानले आहे. त्या दिवशी आमच्या वाट्याला तेवढेच होते.

दुसऱ्या फेरीला वहीतली वेळ टळली. दहा मिनिटे, मग वीस. ‘‘पुढे जाऊन पाहू या,’’ असे सौभाग्यवती तीनदा म्हणाल्या. मी म्हटले, जागा सांगितली आहे, ती सोडायची नाही. पंचविसाव्या मिनिटाला ती आली, हात काळे झालेले. चाक पंक्चर झाले होते; तिने एकटीनेच ट्यूब बदलली होती. आम्ही नाव घेऊन हाक मारली, तिने मान हलवली आणि ती गेली.

मुदतीला पंधरा मिनिटे उरली असता तिने अंतिम रेषा ओलांडली. दिवसभरात ती आम्हाला दिसली ती सारी मिळून पाच मिनिटे असेल. परतीच्या गाडीत लाडू खाता खाता ती म्हणाली, ‘‘पंक्चर काढताना वाटलं, उशीर झाला तरी आई-बाबा त्या वळणावरून हलणार नाहीत. म्हणून घाई न करता ट्यूब नीट बसवली.’’

घरच्या कोणाची अशी स्पर्धा असेल तर जरूर जावे. सावलीची जागा आधी हेरावी, ती त्यांना सांगावी आणि कितीही उशीर झाला तरी तिथेच उभे राहावे.