घराची धनीण

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त कांहीं वर्षें सुमात्रा बेटांतील मेदान शहरीं होते. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां २०१९ सालीं तिकडे गेलों, आणि बेटाच्या अगदीं उत्तर टोंकास असलेल्या आचेह प्रांतांतही चार दिवस राहून आलों. तेथील समुद्र, मशिदी व कॉफी यांचें वर्णन आम्हांपेक्षां चांगलें करणारे पुष्कळ आहेत. आमच्या मनांत राहिलें तें तेथील एक लांकडी घर.

बांदा आचेह येथील संग्रहालयाच्या आवारांत तें उभें आहे. १९१४ सालीं जावांतील सेमारांग येथें भरलेल्या वसाहतींच्या प्रदर्शनांत तें मांडलें होतें; १९१५ सालीं तें परत आणून त्यांतच संग्रहालय थाटलें. अख्खें घर असें नेतां-आणतां येतें, कारण त्याच्या जुळणींत लोखंडी खिळा नसतो. खांबांस भोंकें पाडून त्यांतून तुळ्या ओंवावयाच्या आणि लांकडी पाचरी ठोकावयाच्या, कीं झालें ! छप्पर माडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांचें. आग लागलीच तर तें बांधलेली दोरी कापून छप्पर खालीं पाडतात, म्हणजे खालचें घर वांचतें.

घर पुरुषभर उंचीच्या खांबांवर असतें. पायऱ्यांची संख्या विषम, आणि पायथ्याशीं पाय धुण्यास पाण्याचा रांजण. दार मात्र बुटकें. येणारानें मान लवविलीच पाहिजे. आयुष्यभर मुलांस विनय शिकविलेल्या आमच्या कपाळानें त्या चौकटीचा प्रसाद घेतला !

आंत तीन भाग. पुढची ओसरी पुरुषांची व पाहुण्यांची, मागची बायकांची, आणि मधला उंच भाग निजावयाचा. आढें पूर्व-पश्चिम असतें, कारण मक्का त्यांच्या पश्चिमेस. इस्लामी रिवाजास धरून नक्षींत मनुष्याकृति बहुधा नाहीं. पानें, फुलें, ढग आणि पिळदार दोर. दोर म्हणजे नात्यांची वीण, असें दाखविणारानें सांगितलें. दोन्ही टोंकांच्या त्रिकोणी फळ्यांची नक्षी आरपार कोरलेली असते. तिच्यांतून वारा खेळतो आणि छपरावरचा त्याचा जोर मोडतो. एका फुलाचें नांव विचारलें, तों उत्तर आलें, 'जुम्पा'. अहो, हा तर आपला चंपक ! पुढें दोन मुख्य खांबांचीं नांवें कळलीं, 'राजा' आणि 'पुत्रो'. दुसऱ्यांत आपली पुत्री ओळखण्यास कोश नको. संस्कृताच्या जुन्या मास्तराला याहून मोठी मेजवानी कोणती ?

परंतु मेजवानींत खडा लागला तो पुढेंच. हें घर स्त्रीचें असतें. आईबाप मुलीला घर देतात, जांवई तेथें राहावयास येतो, आणि पत्नीस म्हणतातच मुळीं 'पो रुमो', म्हणजे घराची धनीण. आम्ही कौतुकानें मान डोलावीत होतों. आमच्या कुटुंबानें हळूच विचारलें, "अहो, मग आपल्या वन्संचें घर कोणतें ?"

आमची अक्का एकतिसाव्या वर्षीं विधवा होऊन एक ट्रंक घेऊन माहेरीं आली. कोंकणांतल्या आमच्या घरांत तिनें पुढें सारा जन्म काढला. आमचीं मुलें तिच्या हातच्या भातावर वाढलीं. २०११ सालीं घर नांवावर करून घेतांना आम्हीं तिच्यापुढें हक्कसोडपत्र ठेविलें. बहिणींनीं असें करावयाचें असतें, ही आमची समजूत; कायद्यानें तिचा वांटा आहे हें ठाऊक नव्हतें असें मात्र नाहीं. तिनें एवढेंच विचारलें होतें, "सही कोठें करूं ?" आणि आम्हीं बोट दाखविलें होतें.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. परत येतांच वकिलांकडे गेलों आणि अर्धें घर तिच्या नांवें करण्यासाठीं बक्षीसपत्र तयार करविलें. चिरंजिवांस फोनवर सांगितलें, तेव्हां ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "उशीर केलात."

अक्का प्रथम रागावली. "या वयांत मला घर काय करायचंय ? लोक म्हणतील, भावाशीं भांडली." दोन दिवस तिनें आमच्याशीं बोलणें टाकलें. तिसऱ्या दिवशीं मात्र आपण होऊन कार्यालयांत आली. कागद पुढें येतांच पुन्हां तोच प्रश्न, "सही कोठें करूं ?"

आम्ही बोट दाखविणार, तों तिनें हात वर करून थांबविलें, पिशवींतून चष्मा काढला आणि पहिल्या ओळीपासून कागद वाचावयास घेतला.