मेथीचा वास

पाचवीची पूजा मांडली त्या संध्याकाळी लेकीनं दूध ओढायचं बंद केलं. लंगोट बदलताना मेथीसारखा, जरासा जळक्या साखरेसारखा वास यायचा. आत्या म्हणाली, “मेथीचे लाडू खातेस ना, त्याचा.” आत्या म्हणजे माझी सासूच, आमच्यात मामाची मुलगी करतात. रात्री पोर धनुष्यासारखी मागं ताणू लागली. नवरा सेकंड शिफ्टला. चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीतून तो सुटेपर्यंत आम्ही दोघी भोसरीहून रिक्षानं पिंपरीच्या दवाखान्यात पोचलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी लाडवांचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. मेथीचा वास आणि एका दुर्मीळ आजारातला वास एकाच द्रव्याचा, सोटोलोनचा. बाळंतिणीनं मेथी खाल्ली तरी बाळाला तो येऊ शकतो. म्हणून त्यांनी टाचेतलं रक्त कागदावर टिपून टँडम मास तपासणीला पाठवलं. ल्युसीन भलतंच चढलेलं. मेपल सिरप युरिन डिसीज. प्रथिनांतली ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं शरीरात मोडत नाहीत, साचतात, मेंदूला बाधतात. म्हणजे माझं दूधच तिला सोसत नव्हतं! जनुकांच्या अहवालाला काही आठवडे लागणार होते. त्याआधीच दूध थांबवून सलाइनमधून ग्लुकोज, मग डायलिसिस सुरू झालं.

अहवाल आला. बीसीकेडीएचबी जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच बिघाड, एक नवऱ्याकडून, एक माझ्याकडून. समुपदेशक बाईंनी वंशावळ काढली. दोन्हीकडच्या रेघा माझ्या आजी-आजोबांपाशी जाऊन मिळाल्या. माझ्या पायगुणावर बोलणाऱ्यांना हा कागद दाखवावा असं फार वाटलं. प्रत्येक खेपेला 25 टक्के धोका. पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा अंश काढून तपासता येतं.

दुर्मीळ आजारांच्या 2021च्या राष्ट्रीय धोरणात हा आजार आहे. 2022 पासून ठरावीक केंद्रांतून 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, त्यातलं एक केंद्र मुंबईचं केईएम. तिथं नाव नोंदवलं. ल्युसीन नसलेली पावडर हेच लेकीचं मुख्य अन्न. वरण नाही, भातसुद्धा वजनकाट्यावर. साबुदाण्यात प्रथिन नावालाच, म्हणून दाण्याच्या कुटाशिवायची खिचडी चालते.

आता दिरासाठी माझ्या धाकट्या बहिणीचं चाललंय. सुपारी फुटण्याआधी दोघांनी रक्त तपासावं, असं मी बैठकीतच सांगितलं. बिघाड नेमका ठाऊक असल्यानं तेवढाच शोधायचा, खर्चही कमी. आत्या चिडली. दीर मात्र म्हणाला, “वहिनी, माझं रक्त आधी घ्यायला सांगा.”