खाडीतली वारी

माऊली, देहू-आळंदीहून निघणारी वाट आपल्या पायांना पाठ आहे. आणखी एक वारी नवी मुंबईच्या दाराशी दरसाल येते. तिला टाळ नाही, पताका नाही; नेम मात्र आहे. कार्तिकी झाली की रोहित पक्ष्यांचे थवे ठाण्याच्या खाडीत उतरू लागतात. ज्येष्ठात, आपल्या पालख्या प्रस्थान ठेवतात त्या सुमारास, पाऊस तोंडावर आला की ते निघतात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते.

ही वारी पाहायला ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून नाव सुटते. तिची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. म्हणजे इथेही तिथीचेच राज्य. आम्ही निघालो तेव्हा दोन्ही काठांना तिवरांची दाटी होती. चिखलातून वर आलेली त्यांची मुळे श्वास घेतात. फांदीवर खंड्या ध्यान लावून बसला होता, कडेला बगळे होते. वळण घेतले आणि समोर गुलाबी रांगच रांग. नावाड्याने यंत्र बंद केले. नावेत कोणी बोलेना.

हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, हा दृष्टांत मी जन्मभर कीर्तनात सांगितला. तो हंस काही मी पाहिला नाही. रोहित मात्र डोळ्यांसमोर तेच करतो. मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेने गढूळ पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडांच्या चाळणीत शेवाळ व बारीक जीव तेवढे धरून ठेवतो. सार घ्यावे, चिखल सोडावा.

त्याच्या रंगाचेही तसेच. पिल्लू करडे जन्मते. शेवाळातला रंग अंगी भिनत जातो, तेव्हा कुठे पंख गुलाबी होतात. एका दिवसाच्या खाण्याने रंग चढत नाही. एका दिवसाच्या नामानेही चढत नाही.

आता काळजीची गोष्ट. खाडीचा हा भाग २०१५ साली रोहित अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीत गेला. पण भरतीला खाडीतला चिखल बुडतो, तेव्हा थवे नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. ते त्यांचे मुक्कामाचे तळ. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका तळ्यात भरतीचे पाणी यायचे थांबले, तळे सुकले, आणि त्या भागात काही रोहित मेलेले आढळले. वारकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वाट मोकळी ठेवली आणि तळाची जागा काढून घेतली, तर दिंडीने रात्री पाठ कुठे टेकावी?

म्हणून एक मागणे आहे. आपल्यातलेच कोणी वाशीच्या पुलावर गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी खाडीत टाकतात. देवाला वाहिलेले फूल प्लास्टिकसकट या मुक्या वारकऱ्यांच्या ताटात पडते. ते फूल घरच्या तुळशीच्या बुडाशी घाला. तिथे त्याची माती होईल. आणि जवळचे तळे बुजू लागले तर गप्प बसू नका. दिंडीच्या तळासाठी आपण जेवढे जागतो, तेवढे याही तळासाठी जागू.

रामकृष्ण हरी.