भुलाबाई आता न्यू जर्सीला बसते

भाद्रपदाची पौर्णिमा आली की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात भुलाबाई बसायची. चितारओळीतून मूर्ती यायची. भुलाबाई म्हणजे पार्वती, शेजारी भुलोजी शंकर, मांडीवर गणोबा. पार कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज तिन्हीसांजेला आम्हा मुलींचा घोळका टिपऱ्या वाजवत घरोघर फिरायचा. गाणी झाली की खाऊ ओळखायचा. झाकणबंद डबा कानाशी नेऊन हलवायचा, खुळखुळला तर फुटाणे, नुसता सरसरला तर मुरमुरे. सांबारवडी मात्र वासानेच कळायची.

आणि गाणी कशाची? सासरच्या जाचाची, रुसव्याची, माहेरच्या ओढीची. आठ वर्षांच्या पोरी आम्ही, कळत काहीच नव्हतं; पण बाजूला बसलेल्या काकूचे डोळे कुठल्या कडव्याला भरून येतात, ते बरोबर ठाऊक होतं.

वाडे गेले, फ्लॅट आले. संध्याकाळ शिकवणीत जाते. कोजागिरीच्या मखराला ज्वारीचे धांडे लागतात, तेही आता शोधावे लागतात. विदर्भाच्या शेतांत सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे हटली. महिनाभराची भुलाबाई बऱ्याच ठिकाणी एका संध्याकाळवर आली आहे. हळदीकुंकू, स्पर्धा, फोटो. गाणी स्पीकरवर लागतात. मला हे बोचतं. ही गाणी ऐकायची नाहीतच मुळी, म्हणायची आहेत.

माझी भाची लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. नागपुरात असताना भुलाबाईकडे तिचं फारसं लक्ष नसायचं. मुली झाल्यावर तिनेच माझ्या आईला फोन केला, "आजी, गाण्यांचे शब्द मिळाले गं, चाल आठवत नाही." शब्द छापील सापडतात, चाल कुणाच्या तरी गळ्यातूनच यावी लागते. तेव्हापासून भुलाबाईच्या महिन्यातल्या शनिवारी आमच्याकडे दिवेलागण, त्यांच्याकडे सकाळ, अशी भुलाबाई होते. व्हिडिओ कॉलवर आवाज मागेपुढे पोचतो, एकत्र म्हणता येत नाही. म्हणून आई एक ओळ म्हणते, थांबते, मग तिकडून पोरी म्हणतात. ओळ चुकली की आई पुन्हा म्हणते. टिपऱ्यांऐवजी त्यांच्या हातात लाटणी असतात. सासर म्हणजे काय, हे थोरलीने विचारलंच. भाचीने तिला सांगितलं, "माहेर दूर असतं ना, ते." आई इकडे गप्प झाली, मग पुढची ओळ जरा घोगऱ्या आवाजात आली.

भाचीच्या त्या दोघी मुलींना आज जेवढी गाणी तोंडपाठ आहेत, तेवढी आमच्या सोसायटीतल्या एकाही मुलीला येत नाहीत.