टर्बो गेला म्हणण्याआधी

ज्या घराची चूल एका पिकअप गाडीवर पेटते, त्या घरातल्या बायकांनाही इंजिनाचे चार शब्द आपोआप येऊ लागतात. आमच्या लोह्यात अशी घरे बरीच आहेत. नांदेड-लातूर रस्त्यावरचे गाव, त्यामुळे मालाची ये-जा कायमची. दसरा-दिवाळीला सोयाबीन, पुढे हरभरा, अधल्यामधल्या दिवसांत भाजीपाला, आणि मार्गशीर्षात माळेगावची यात्रा आली की दुकानदारांचे सामान. आमची गाडी २०२१ ची, म्हणजे बीएस-६ ची. गाडी हे चालवतात. डिझेल, ऑइल, भाडे आणि हप्ता यांची वही माझ्याकडे असते. हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला जातो. गाडी चालो की उभी राहो.

गेल्या सोयाबीनच्या हंगामात हे एका रात्री घरी येऊन म्हणाले, "गाडी ओढत नाही." रिकामी असली की ठीक, पण माल भरून बालाघाटाचा चढ लागला की दम तुटल्यासारखी व्हायची. ॲक्सिलेटर दाबला की पुढून सूं सूं आवाज यायचा. चौथ्या दिवशी समोरचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने ताशी चाळीसच्या वर जायचे नाकारले. पुढे कळले की कॉम्प्युटरला हवेचा दाब चुकीचा वाटला, तर इंजिन वाचवण्यासाठी तो स्वतःच ताकद कमी करतो.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, हवेच्या पाइपात बोट फिरवले आणि तेलकट बोट दाखवून म्हणाला, "टर्बो ऑइल फेकतोय. टर्बो गेला. नवा टाकावा लागेल." खर्च अठ्ठेचाळीस हजार. वर त्याने एक सल्लाही दिला, की सायलेन्सरमधली काजळीची जाळी काढून टाकू, म्हणजे पुढे कटकट नको.

त्या वेळी घरात पन्नास हजार होते, आणि ते मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले होते. फी भरायला नऊ दिवस राहिले होते. हे म्हणाले, "गाडी चालली नाही तर फीही नाही आणि हप्ताही नाही. टर्बो टाकून घेऊ." मुलगी आतून ऐकत होती, काही बोलली नाही. अब्बा, म्हणजे माझे सासरे, यांनी आयुष्यभर ट्रक चालवलेला. ते एवढेच म्हणाले, "बेटा, एका डॉक्टरच्या बोलण्यावर कोणी पोट फाडून घेत नाही. दुसऱ्याला दाखव."

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही रिकामी गाडी हळूहळू नांदेडला नेली. देगलूर नाक्याकडे एक वयस्कर उस्ताद आहेत. त्यांनी पाना हातात घेण्याआधी विचारले, "ऑइल किती पिते?" मी वही पुढे केली. दोन महिन्यांत ॲव्हरेज तेरावरून दहावर आले होते, पण ऑइल वरून एकदाही टाकावे लागले नव्हते. पट्टीवरची पातळी जिथल्या तिथे होती. उस्ताद म्हणाले, "बाजी, ही वही अर्धे काम करून गेली. टर्बोचे सील गेले असते तर ऑइल उतरले असते आणि मागून निळसर धूर आला असता. पाइपात थोडा तेलाचा हात असतोच. इंजिनाची वाफ त्याच वाटेने परत जाते."

मग त्यांनी आम्हाला टर्बो म्हणजे काय ते समजावले. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हवा जास्त, म्हणून डिझेल पूर्ण जळते आणि लहान इंजिन मोठे ओझे ओढते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले होते. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. एका बाजूला सातशे अंशांच्या आसपासची आच, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. ऑइल थांबले की काही क्षणांत बेअरिंग खरवडते.

तपासणी फार मोठी नव्हती. आधी स्कॅनर लावला. दाब कमी पडतो, असे त्याने सांगितले. पण दाब का कमी पडतो, हे स्कॅनर सांगत नाही. उस्तादांनी एअर फिल्टर पाहिला, मग टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून दांडा बोटाने हलवला. किंचित बाजूला हलणे चालते, कारण तो ऑइलवर तरंगतो. पण आत-बाहेर सरकायला नको आणि पाती भिंतीला घासायला नकोत. आमची पाती स्वच्छ होती. शेवटी पाइप बंद करून त्यात कॉम्प्रेसरची थोडी हवा भरली आणि वरून साबणाचे पाणी टाकले. टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या रबरी पाइपावर बुडबुडे आले. क्लिपेजवळ बोटभर चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली असायची. ओझ्यावर दाब वाढला की उघडायची. सूं सूं आवाज तिथलाच होता. जुन्या गाडीत अशा वेळी काळा धूर निघाला असता; आमच्या गाडीत तो जाळीत अडकत होता, म्हणून दिसला नाही.

पाइप, दोन क्लिपा, एअर फिल्टर आणि मजुरी मिळून तीन हजार दोनशे झाले. जाळीत साठलेली काजळी उस्तादांनी स्कॅनरच्या मदतीने जाळून काढली. जाळी काढून टाकण्याची गोष्ट निघाली तेव्हा ते म्हणाले, "ते मी करत नाही. कायद्यात बसत नाही, आणि तो धूर रस्त्यावरच्या लेकरांच्या छातीत जातो." शनिवारी मुलीची फी भरली.

टर्बो कधीच जात नाही, असे मात्र नाही. उस्तादांनी सांगितलेल्या गोष्टी आता आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत. सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट रेस द्यायची नाही. ऑइल वर पोहोचू द्यायचे. चढावरून किंवा भरधाव आलेली भरलेली गाडी थांबल्या थांबल्या बंद करायची नाही. एक-दोन मिनिटे हळू चालू ठेवायची, नाहीतर तापलेल्या दांड्यावर ऑइल जळून कोळसा होतो. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचेच, मुदतीत. आपल्याकडे कच्च्या रस्त्यांची धूळ आहे, तेव्हा फिल्टर मुदतीआधीही पाहायचा. जाळीचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालवायची, म्हणजे काजळी जळते. आणि कुणी "टर्बो गेला" म्हटले, तर आधी पाइप, क्लिपा, फिल्टर आणि सेन्सर पाहायला सांगायचे. टर्बो खरोखर गेला असेल, तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवायचा नाही. ऑइलची नळी तुंबलेली राहिली तर नवाही तसाच जाईल.

एक गोष्ट जिवाची आहे, ती प्रत्येक चालकाच्या घरात माहीत असावी. टर्बोचे सील एकदम फुटले तर डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन बेफाम रेस घेऊ लागते आणि चावी काढली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. नाही पडले तर सगळ्यांनी गाडीपासून दूर व्हावे. बॉनेट उघडून हात घालू नये. गाडी पुन्हा घेता येते.

गाडीचे शिक्षण फक्त स्टिअरिंगवर बसणाऱ्याचे, असे आपल्या घरांतून समजले जाते. पण हप्ता सगळ्या घराचा असतो. डिझेल किती, ऑइल किती, किलोमीटर किती, या तीन आकड्यांना रोज दोन मिनिटे लागतात. शाळेत जाणारी मुलगीही ते लिहू शकते. आमची मुलगी आता नांदेडला असते, म्हणून वही लिहायला मी धाकट्याला बसवले आहे.