उद्याच्या पाठाची तयारी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याप्रमाणे तुमच्या शिक्षकांनाही घरी अभ्यास करावा लागतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मी मुलुंडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. उद्या काय शिकवायचे, कसे शिकवायचे, याचे टाचण मी रोज रात्री काढतो.

पूर्वी पाठ्यपुस्तक, शब्दकोश आणि खडू-फळा एवढेच माझे साहित्य होते. पत्ता विचारण्याच्या पाठात परक्या शहराचा नकाशा असे. मुले 'लेफ्ट' आणि 'राइट' हे शब्द पाठ करीत. पण कोणाला रस्ता सांगण्याची वेळ आली की गप्प बसत.

आता मी इंटरनेटवर मुलुंडचाच नकाशा उघडतो आणि स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतची वाट पडद्यावर दाखवतो. एक मुलगा वाटसरू होतो, दुसरा त्याला वाट सांगतो. 'वेन्सडे' या शब्दात लिहिलेला एक 'डी' उच्चारत नाहीत, हे मुले ऑनलाइन शब्दकोशातून स्वतःच्या कानांनी ऐकतात. तुमची उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. ही गोष्ट सांगितली, की डावे-उजवे शिकताना वर्गात हशा पिकतो आणि शब्दही पक्के होतात.

तुम्ही विचाराल, "सर, आता यंत्र पूर्ण टाचणच लिहून देते. मग शिक्षक कशाला हवा?" प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी या लहान गावात मिळते. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइज' हा जागतिक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. मोबाइल त्या चौकोनावर धरला की कविता ऐकू येत, धडे दिसत. परंतु पुस्तकाची भाषा सगळ्या मुलांच्या घरची भाषा नव्हती. म्हणून ते स्वतः कन्नड शिकले आणि पुस्तकांतील मजकूर मुलांच्या मातृभाषेत आणला. त्यांनी आधी मुलांना ओळखले, मग यंत्र हाती घेतले.

यंत्राला हजारो पाठ माहीत असतात. पण तिसऱ्या बाकावरची मुलगी का बोलत नाही, हे त्याला कसे कळणार? माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. तिच्या घरी एकच मोबाइल होता आणि तो रात्री वडिलांबरोबर घरी येई. मी तिला नकाशा कागदावर काढून दिला. दोन दिवसांनी ती उभी राहिली आणि शाळेपासून स्वतःच्या घरापर्यंतची वाट तिने इंग्रजीत सांगितली. शेवटी तीच म्हणाली, "आता तुम्ही चुकणार नाही, सर!"

मुलांनो, आज शाळेतून घरी जाताना तुमची वाट मनात सांगून पाहा. आधी उर्दूत, मग मराठीत, मग इंग्रजीत. वाट एकच आहे. ती दाखवणाऱ्या भाषा मात्र तुमच्याजवळ तीन आहेत.