ठेवणीतली

आईची पैठणी हिरवी आहे. पण नुसती हिरवी म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. उभा धागा हिरवा आणि आडवा काळपट निळा, त्यामुळे खिडकीशी धरली की ती एका बाजूने मोरपंखी दिसते आणि जरा वळवली की गर्द हिरवी. काठ नारळी. पदर सगळा जरीचा, त्यात असावलीचे वेल आणि राणी रंगाची फुलं. लांबी नऊवारी. 1951 साली लग्नात सासरकडून आईला ती मिळाली, येवल्याहून खास विणून आणलेली. पैठणीच्या पदराला उलट-सुलट नसते. नक्षीतल्या प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते, विणकर ती हाताने फिरवतो आणि एका रंगाचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत नेतो. म्हणून मागूनही तीच फुलं, तसेच वेल. एका पदराला महिने लागतात ते यासाठी.

वडील 1963 साली गेले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. त्यानंतर आईने ती पैठणी कधी नेसली नाही. घरात कुणी तिला नेसू नकोस म्हटलं असेल असं मला वाटत नाही. म्हणायची गरजच नव्हती. पैठणी लग्नकार्यात नेसायची, मुंजीत नेसायची, हळदीकुंकवाला नेसायची, आणि अशा प्रत्येक ठिकाणी आईची जागा आता मागच्या खोलीत, स्वयंपाकाच्या बाजूला ठरलेली होती. हिरवा तर रंगच सवाष्णीचा. आई फिकट करड्या, फिकट निळ्या साड्यांत वावरायला लागली आणि पैठणी पत्र्याच्या ट्रंकेत गेली.

पण तिची देखभाल मात्र आईने एकदाही चुकवली नाही. दिवाळी उलटून हवा कोरडी झाली की एका दुपारी दार लावून घ्यायची, वडिलांच्या जुन्या मलमलच्या धोतरात गुंडाळलेली पैठणी काढायची, सावलीत पसरायची आणि जुन्या घड्या मोडून नव्या जागी घड्या घालायची. एकाच घडीवर रेशीम वर्षानुवर्षं राहिलं तर तिथेच फाटतं. डांबराची गोळी ट्रंकेत चालेल, पण जरीला लागता कामा नये, जर काळी पडते. हे सगळं मी शेजारी बसून शिकले. दार का लावायचं ते मात्र मला बऱ्याच उशिरा कळलं. चाळीत कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हिला अजून हौस आहे.

तेव्हा जुन्या जरीची खरेदी करणारे चाळीतून ओरडत फिरत. खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. साडी जाळून ते चांदी काढून घेत. आमच्या फार ओढग्रस्तीच्या एका वर्षी आईने अशा एकाला जिन्यात थांबवून भाव विचारला होता. त्याने सांगितला. आईने मान हलवली आणि दार लावून घेतलं. त्या महिन्यात किराणा कसा भागला ते मला माहीत नाही.

दर मे महिन्यात आम्ही वेंगुर्ल्याला आजोळी जायचो, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. बोटीत काय घालायचं याचा आईचा नियम पक्का होता: घरातलं सगळ्यात जुनं. डेकवर पथारी पसरायची, शेजारच्याचं कुटुंब आपल्या पथारीवर पाय ठेवून जाणार, लाटा उसळल्या की दहापैकी सहाजणांना ओकाऱ्या होणार, आणि खारं पाणी उडून सगळं चिकट होणार. तिथे चांगल्या कपड्याचं काय काम? वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागत नसे, लांब उभी राही, आणि पडावातून किनाऱ्यावर जायचं असे. त्याआधी मामी किंवा कुणी ओळखीची बाई चादर धरायची आणि तिच्या आडोशाने आई धुतलेली, इस्त्रीची साडी नेसायची. माहेरी उतरताना ती नीटनेटकी असे. समुद्रावरचा प्रवास आणि ठेवणीतलं वस्त्र या दोन गोष्टी माझ्या मनात इतक्या लांब होत्या की त्या कधी एकत्र येतील असं मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

1978 मध्ये माझं लग्न झालं तेव्हा आईने पैठणी मला दिली. मी ती नेसले: लक्ष्मीपूजनाला, ओटीभरणाला, नणंदेच्या लग्नात, दिराच्या लग्नात. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणे, काय जुना माल आहे हो, आता अशी विणत नाहीत. 2010 साली येवल्याच्या आणि पैठणच्या पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी ती बातमी आईला मोठ्याने वाचून दाखवली होती. आई म्हणाली, विणणाऱ्यांचं भलं झालं म्हणजे बरं. पुढे आई गेली. आणखी काही वर्षांनी माझे यजमान गेले, आणि पैठणी माझ्या कपाटात वरच्या खणात गेली, त्याच मलमलच्या धोतरात.

मला कुणी काही म्हणालं नाही. काळ बदललाय, मी नोकरी केलेली बाई, कुंकू लावते, रंगीत साड्या नेसते. पण एका पुतण्याच्या लग्नात वरमाईच्या बाजूने औक्षणाला बायका निघाल्या तेव्हा माझ्या हातातलं तबक कुणीतरी अगदी प्रेमाने, "तुम्ही बसा हो, दमला असाल," असं म्हणून काढून घेतलं. त्या लग्नात मी पैठणी नेली होती. बॅगेतून काढली नाही. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की यापुढे नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. मी तो मजकूर कापून ठेवला. पण काय करायचं नाही हे गावाने ठरवलं तरी पैठणी नेसून जायचं कुठे, हा प्रश्न माझ्यापुरता उरलाच.

लेक सिएटलला असते. जावयाने अलास्काची क्रूझ ठरवली, हॉलंड अमेरिका कंपनीची, सिएटलहून निघून जुनो, सिटका, केचिकन, वाटेत हिमनद्यांचा ग्लेशियर बे. सात रात्रींची सफर. तिकिटाबरोबर कपड्यांची सूचना आली, तीत दोन संध्याकाळी "ड्रेसी" म्हटल्या होत्या. लेकीने समजावून सांगितलं: त्या दिवशी मोठ्या भोजनगृहात सगळे चांगले कपडे करून येतात, पुरुष बहुधा कोट-टाय, बायका झगे किंवा त्यांच्या त्यांच्या देशाचं काही. मी विचारलं, त्या दिवशी असतं काय? वाढदिवस, सण? ती म्हणाली, काही नसतं गं. संध्याकाळ असते.

मी त्या वाक्यावर बराच वेळ अडून राहिले.

ही चाल जुनी आहे. अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या बोटींवर पहिल्या वर्गाचे उतारू रोज रात्री जेवणाला पूर्ण पोशाखात येत, फक्त पहिली आणि शेवटची रात्र सोडून, कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. त्याच बोटींच्या पोटात, स्वस्त तिकिटावर, नेसत्या वस्त्रानिशी देश सोडून निघालेली माणसं दाटीवाटीने बसलेली असत. म्हणजे तो पोशाख भिंतही होता. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून जायचो तेव्हा आम्हीही खालच्याच डेकवरचे, म्हणून हे मी विसरू शकत नाही. आता बहुतेक क्रूझवर मोठं भोजनगृह सगळ्यांना खुलं असतं, खोली खिडकीची असो वा बिनखिडकीची. कुनार्ड कंपनी अजून काही संध्याकाळी डिनर जॅकेट किंवा गडद सूटचा आग्रह धरते, पण तिच्या नियमातच आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो असं लिहिलेलं आहे. नॉर्वेजियन कंपनीने 2000 सालापासून हे बंधन जवळजवळ सोडून दिलं, आणि इतरही कंपन्या सैल होत चालल्या आहेत. लोकांना सुट्टीत कोट नको असतो, विमानात सामानाचं वजन असतं, ही कारणं मला समजतात. तरीही ही प्रथा टिकावी असं मला मनापासून वाटतं. ज्याला हक्काने नटता येतं त्याला प्रथेची गरज नसते. ज्याला वर्षानुवर्षं निमित्त मिळालेलं नाही त्याला सगळ्यांसाठी सारखा असलेला नियम निमित्त देतो. त्यात तुम्ही कुणाची कोण, हे कुणी विचारत नाही.

पैठणी मी घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळली, मधे मलमल, आणि हातातल्या सामानात घेतली. केबिनमध्ये इस्त्री नेऊ देत नाहीत, आगीची भीती असते, त्यामुळे चुरगळेल असं काही नेण्यात अर्थ नसतो. पोलकं नवं शिवलं, लांब बाह्यांचं, कारण जुन्याचं रेशीम काखेत विरलं होतं. दागिन्यांत फक्त तन्मणी. पायात सपाट, रबरी तळाच्या चपला.

पहिली ड्रेसी संध्याकाळ दुसऱ्याच दिवशी आली, जहाज उघड्या पॅसिफिकमध्ये असताना. लाटा मोठ्या नव्हत्या पण लांब होत्या, आणि सबंध जहाज संथपणे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात होतं. केबिनमध्ये पलंग आणि भिंत यांच्यामध्ये दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. लेक पलंगावर चढून पदराकडचं टोक धरून उभी राहिली. मी कमरेला गाठ मारली, पदर मोजून खांद्यावर टाकला, निऱ्या घातल्या, ओचा खोचला. बऱ्याच वर्षांनी हात चालत होते, आणि चालत होते याचं मला नवल वाटलं. शेवटी कासोटा मागे नेऊन खोचला तेव्हा लक्षात आलं की डुलत्या जहाजावर याहून सोयीचं वस्त्र नाही. दोन्ही पाय मोकळे, निऱ्यांत पाऊल अडकायची भीती नाही, जिना उतरताना एक हात कठड्याला आणि दुसराही रिकामा. लिफ्टमध्ये उंच टाचांच्या एक बाई भिंतीला धरून उभ्या होत्या. मी मधोमध उभी राहिले.

भोजनगृहात पश्चिमेकडच्या खिडक्यांतून ऊन येत होतं. जूनमध्ये तिकडे संध्याकाळ लांबते, जेवण आटोपलं तरी उजेड असतो. जर विजेच्या दिव्यात चकाकते, पण आडव्या उन्हात ती आतून तापल्यासारखी दिसते. हे मी घरच्या लग्नांत कधी पाहिलं नव्हतं, कारण आमची लग्नं दुपारची, मांडवातली. शेजारच्या टेबलावर स्कॉटलंडचं एक जोडपं होतं, नवरा किल्टमध्ये. पलीकडे एक चिनी वंशाच्या आजी गळाबंद, लांब रेशमी झग्यात, नातवंडांच्या मधे. कुणी साध्या सदऱ्यातही होते आणि त्यांना कुणी अडवत नव्हतं. किल्टवाल्यांच्या पत्नीने परवानगी विचारून माझा पदर हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला, परत उलटा केला. मग म्हणाल्या, मागची बाजू कुठे आहे? त्या आयुष्यभर कपडे शिवत आल्या होत्या. मी त्यांना कांड्यांचं सांगितलं. वाढणारा मुलगा जावा बेटावरचा होता, तोही थांबला आणि म्हणाला, माझी आई बाटिकचं एक वस्त्र असंच पेटीत ठेवते, लग्नापुरतं काढते. मी म्हटलं, तिला सांग, एखाद्या साध्या संध्याकाळी नेस म्हणावं. तो हसला आणि म्हणाला, सांगतो.

मला त्या संध्याकाळी आईची आठवण आली, पण ती रडवेली नव्हती. मला तिचा राग आला, म्हणजे तिच्यावर नव्हे, दार लावून घड्या घालायला लागणाऱ्या त्या दुपारांवर. एवढं सुंदर वस्त्र, एवढी निगा, आणि नेसायला एक संध्याकाळ नाही. कुणाचं लग्न नसलेली, कुणाचा मान नसलेली, फक्त जेवायला जायची संध्याकाळ तिला कुणी दिली असती, तर ती नेसली असती का? मला वाटतं, नेसली असती. ज्या बाईने भाव विचारून दार लावलं, तिने ती जपली होती ती कधीतरी नेसायला मिळेल म्हणूनच.

दुसऱ्या ड्रेसी संध्याकाळी मी पुन्हा तीच नेसले. लेक म्हणाली, दुसरी काहीतरी नेस, फोटोत सारखीच दिसशील. मी ऐकलं नाही.

आता मुंबईहूनही क्रूझ सुटतात, आणि ओळखीच्या बायका काय न्यावं ते मला विचारतात. मी सांगते, एकच चांगली साडी न्या पण खरी न्या, नऊवारी येत असेल तर उत्तम, नाहीतर सहावारीला निऱ्यांशी दोन पिना जास्त लावा. डेकवर वारा फार, तिथे पदर कमरेला खोचा. आणि अत्तर साडीवर नको, जर काळी पडते. गेल्या महिन्यात धाकट्या जावेचा फोन आला. दीर जाऊन वर्ष झालंय, मुलगा तिला सिंगापूरहून क्रूझला नेतोय. सामानाबद्दल इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ती म्हणाली, वहिनी, माझ्याकडे लग्नातली हिरवी आहे, ती चालेल का? मी म्हटलं, चालेल. तीच ने. आणि पोलकं लांब बाह्यांचं शिव, आत एसी फार असतो.